डॅन ॲबनेट कुठून वाचायला घ्यावा?

वॉरहॅमर ४०,००० हा दूरच्या भविष्यातल्या युद्धांचा, बाहुल्या आणि फासे घेऊन पटावर खेळायचा खेळ; ॲबनेट त्याच्या विश्वात कादंबऱ्या लिहितो. म्हणून आधी या खेळातल्या सहा बाजूंच्या फाशांचा हिशेब मांडू. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत इम्पिरियल गार्डचा, म्हणजे साध्या माणसांच्या फौजेचा, शिपाई लासगन ही लेझर बंदूक झाडतो. नेम लागायला ४ किंवा वर पडायला हवेत, म्हणजे निम्मे बार फुकट. समोर स्पेस मरीन, म्हणजे जाड चिलखतातला अतिमानवी योद्धा, असेल तर जखम व्हायला ५ किंवा वर. एवढं होऊनही मरीनला ३ किंवा वर पडले की चिलखत त्याला वाचवतं. सरासरी १८ बारांमागे एक मरीन. पुढे मरीन दोन जखमा सोसू लागला, तेव्हा ३६. या बंदुकीची खेळाडू टर उडवतात ती उगाच नाही.

ॲबनेटची 'फर्स्ट अँड ओन्ली' (१९९९) याच शिपायांवर आहे. पलटणीचा अधिकारी गॉन्ट आणि त्याचे टॅनिथ ग्रहावरचे शिपाई, 'घोस्ट्स', त्याआधी 'इन्फर्नो!' या ब्लॅक लायब्ररी प्रकाशनाच्या नियतकालिकातल्या कथांमधून वाचकांना भेटले होते. ॲबनेटने बंदुकीला खोटं बळ दिलं नाही, शत्रू बदलला. घोस्ट्ससमोर बहुतेक वेळा माणसंच असतात: केऑस या दुष्ट शक्तीचे पंथीय, आणि पुढे ब्लड पॅक्ट, म्हणजे शिस्तीत कवायत केलेली शत्रूची फौज. माणसावर हाच हिशेब केला तर जखमेला ४ पुरतात, त्याचं चिलखतही तकलादू, आणि सहा बारांत एक गडी पडतो. लढाई बरोबरीची होते, आडोसा, अंधार आणि सुरा यांना किंमत येते. मग एखादा केऑस मरीन समोर आला की पानभर आधीच धडकी भरते. मरीनला नायक करून लिहिणाऱ्यांना हा परिणाम सहसा साधत नाही.

एक अडचण मात्र त्याने स्वतःच ओढवून घेतली. टॅनिथ ग्रह नष्ट झालाय, म्हणजे नवी भरती शून्य. आणि हा लेखक पात्रं मारताना हात आखडत नाही. अशाने पलटण किती पुस्तकं टिकणार? तोडगा तिसऱ्या पुस्तकात, 'नेक्रोपोलिस'मध्ये मिळाला. वेढ्यातून वाचलेले व्हर्व्हनहाइव्ह या शहराचे लोक, त्यात बायकाही, पलटणीत येतात. जुने-नवे यांची धुसफूस पुढच्या कित्येक पुस्तकांना पुरते.

म्हणून 'फर्स्ट अँड ओन्ली' जरा खडबडीत लागली आणि 'घोस्टमेकर' सुट्या कथांची माळ वाटली तरी 'नेक्रोपोलिस'पर्यंत थांबा. ही तिन्ही 'द फाउंडिंग' या जाड खंडात एकत्र मिळतात. मालिका तिथून 'ॲनार्क' (२०१९) पर्यंत जाते. मधूनच उचलली तर कोण मेल्यामुळे कोण कडवट झालंय, हे कळायचं नाही. घोस्ट्सच्या २०२१ च्या प्लास्टिक संचातल्या सहा बाहुल्या बघून 'हे सगळे अजून आहेत' असंही समजू नका.

युद्धाचा कंटाळा असेल तर थेट 'झेनोस' (२००१) घ्या. ती 'इन्क्विझिटर' या खेळाच्या जोडीने आली. त्या खेळाच्या बाहुल्या ५४ मिलिमीटरच्या, नेहमीच्या २८ च्या जवळपास दुप्पट, आणि पटावर फौजेऐवजी मोजकी माणसं. कादंबरीही तशीच: नायक आयझेनहॉर्न हा इन्क्विझिटर, म्हणजे पाखंड्यांचा माग काढणारा अधिकारी, स्वतः बोलतो, तपास करतो, आणि घरं, जेवण, गाड्या, नोकरशाही दिसते. या विश्वात सामान्य लोक जगतात कसे, हे मला तरी इथेच पहिल्यांदा पटलं. क्रम: 'झेनोस', 'मॅलियस', 'हेरेटिकस', मग त्याचा शिष्य रेव्हनॉर याची तीन, त्यानंतर 'परायाह' (२०१२) आणि 'पेनिटंट' (२०२१). 'परायाह' आधी वाचली तर तिच्यातले धक्के वाया जातात.

'होरस रायझिंग' (२००६) पुढे पेच वेगळा होता: माणसांच्या सम्राटाचा लाडका सेनापती होरस पुढे त्याच्यावरच उलटतो, हा शेवट सगळ्या वाचकांना आधीच ठाऊक. होरसने सम्राटाला मारलं त्या दिवशी मी तिथे होतो, अशी सुरुवात करून ॲबनेट जाणकारालाच चकवतो, कारण मरणारा 'सम्राट' त्या एका ग्रहावरचा कुणी दुसराच निघतो.

ॲबनेटचा खरा दोष शेवटांचा. तीनशे पानं निवांत रचतो आणि शेवटच्या वीस-तीस पानांत सगळं उरकतो. 'फर्स्ट अँड ओन्ली'तही ते जाणवतं. होरसच्या कथेचा शेवट असलेली 'द एंड अँड द डेथ' (२०२३-२४) मात्र तीन खंडांची झाली, आणि तिथे तक्रार बरोबर उलटी आहे: दुसरा खंड रेंगाळतो.