गॅलरीचा मागचा प्लग

माझ्याकडे आलेलं इंजिन दुसऱ्या गॅरेजमध्ये नुकतंच बांधलेलं. नवी बेअरिंगं, घासलेला क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा), धुतलेला ब्लॉक (इंजिनाचा मूळ सांगाडा), सगळ्याची बिलं मालकाच्या हातात. तरी क्रँकला पेलणारं मेन बेअरिंग पुन्हा गेलं होतं.

ब्लॉक पूर्ण मोकळा करायचं ठरवलं. इंजिनातली ठोक टिपणारा नॉक सेन्सर एका बोल्टवर बसतो, चटकन निघतो; पण आत कंपनांवर वीज देणारा पिझो स्फटिक असतो, पडला तर बाहेरून धडधाकट दिसूनही निकामी झालेला असू शकतो. क्रँक सेन्सरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होऊन भोकाला धरून बसते. लोक सेन्सर स्क्रू ड्रायव्हरने उचकटतात, प्लास्टिक मोडतं आणि अर्धा तुकडा आत अडकतो. कडेने तेल सोडून डावी-उजवीकडे हलवत राहिलं की येतो. कोअर प्लग म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या. त्याच्या एका कडेवर पंच मारायचा, तो आडवा झाला की पकडीने ओढायचा. दणका घालून पाण्याच्या पोकळीत पाडणारे कारागीर मला बघवत नाहीत; समोर सिलिंडरची भिंत असते.

उरले ऑइल गॅलरीचे, म्हणजे बेअरिंगांना तेल पोचवणाऱ्या ब्लॉकमधल्या वाटेचे, प्लग. पुढचा निघाला. मागच्यावर जुना सीलंट जसाच्या तसा, हत्यार लागल्याची खूणही नाही. आटे निमुळते, गच्च बसलेले. नुसता जोर लावला तर ॲलन की बसते ते षटकोनी घरच गोल होतं. ब्लॉक बिडाचा होता म्हणून टॉर्चने बिनधास्त तापवला, ॲल्युमिनियमला एवढी आच दिली नसती. कडेला मेण टेकवलं, ते वितळून आट्यांत उतरलं. गार होऊ दिलं, पुन्हा तापवलं. आधी किंचित आवळला, मग सुटला.

प्लगच्या मागे काळा चिकट गाळ आणि त्यात बेअरिंगचा चकचकीत कीस. गॅलरीचं ते बंद टोक. तिथे तेल वाहतं राहत नाही, बाहेरून कितीही फवारे मारा, घाण हलत नाही. आणि तेलाच्या वाटेवर फिल्टर गॅलरीच्या आधी येतो. तिथून सुटलेला कण थेट बेअरिंगमध्ये जातो.

"बिलावर ब्लॉक धुतल्याचे पैसे लावलेत की," मालक म्हणाले. मी त्यांना तो कीस दाखवला.

आधीच्या मेकॅनिकला काम येत नाही, असं मी म्हणणार नाही. सिलिंडरच्या बोअरचं माप अचूक होतं, क्रँक सुबक घासलेला. इतकं नीट करणाऱ्याने एवढा एक प्लग का सोडला असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.