तुमचं नाव कोणत्या रमाबाईंवरून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्याआधीही पुष्कळांनी विचारलंय. माझ्या वयाच्या बायकांत सुनीता, संगीता, वैशाली ढिगानं सापडतील. रमा मात्र क्वचित. माझ्या वर्गात तर मी एकटीच होते. नाव सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "कोणत्या रमाबाईंवरून ठेवलं?"

बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. सदाशिव पेठेतल्या आजी म्हणतात, "रानड्यांच्या ना?" घाटकोपर-चेंबूरकडची बाई असेल तर डोळे चमकतात: "रमाईंचं नाव आहे ताई तुमचं." एका ख्रिस्ती नर्सबाईंनी थेट केडगावच्या पंडिताबाईंची आठवण काढली होती. आणि माझ्या वडिलांच्या पिढीतलं कुणी भेटलं तर रमा म्हटल्याबरोबर त्यांच्या तोंडून माधव निघतोच. कोण कुठं वाढलं आणि त्यांच्या घरात भिंतीवर कुणाची तसबीर होती, हे माझ्या नावावरून मला कळत आलंय.

आमच्या घरात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. वडिलांनी रणजित देसाईंची 'स्वामी' वाचली होती, तेव्हा त्यांची रमा पेशव्यांची. आईच्या कपाटात रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' होतं, म्हणून तिची रमा रानड्यांची. दोघं आपापल्या उत्तरावर शेवटपर्यंत ठाम राहिले. माझं उत्तर तिसरंच आहे. ते का, हे सांगायचं तर आधी या दोघींबद्दल बोलायला हवं.

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात, क्षयानं गेले. वय अवघं सत्तावीस. रमाबाई तिथेच सती गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मुळा-मुठेच्या काठी त्यांचं स्मारक आहे आणि अष्टविनायकाच्या यात्रेला आलेले लोक तिथंही हात जोडतात. मी जेव्हा जेव्हा तिथं जाते, तेव्हा मला त्या बाईची फार माया येते. कौतुक मात्र करवत नाही. ऐन तारुण्यातली एक मुलगी जळाली आणि त्यानंतर अडीचशे वर्षं आपण त्याला प्रेमकथा म्हणत आलो. त्यांनी स्वतः लिहिलेलं काही आपल्यापुढे नाही, त्यांना काय वाटत होतं ते सगळं आपण आपल्या मनानं भरलेलं आहे. वडिलांना मी हे सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव तर तिचंच आहे." मला त्यांचाही राग नाही. पण पत्नीधर्माचा नमुना म्हणून कुणी माझ्याशी थेऊरच्या रमाबाईंबद्दल बोलू लागलं, की मी विषय तिथेच थांबवते.

आईच्या रमाबाई मला लहानपणापासून माहीत आहेत. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांकडे झाला, माहेरचं नाव यमुना. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी वारल्यावर सुधारक रानडे विधवेशी विवाह करतील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. त्या लग्नातून आलेल्या मुलीला त्यांनी पाटी दिली, शिकवायला बसवलं, आणि घरातल्या बायकांनी तिच्याशी जे वागणं आरंभलं ते रमाबाईंनी फार सोसून, पण काही न लपवता लिहिलंय. मुलींच्या हायस्कुलासाठी गव्हर्नरसमोर त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचलं. तेच हायस्कूल पुढे १८८४ मध्ये सुरू झालं. पुणेकर त्याला हुजूरपागा म्हणतात.

रानडे १९०१ मध्ये गेले. इथं पुष्कळजण पुस्तक मिटतात. टीव्हीवरच्या मालिकेमुळे छोटी यमुना घराघरात पोचली हे चांगलंच झालं, पण मला जास्त बोलायचं असतं ते विधवा रमाबाईंबद्दल. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०९ पासून पुण्याचं सेवासदन उभं करायला त्यांनी उरलेली सगळी वर्षं दिली. तिथं बायका शिकल्या, शिक्षिका झाल्या, नर्सिंगला गेल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना त्या जाऊन भेटत. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण मुलांइतकंच मुलींनाही हवं म्हणून त्या झगडल्या, मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळावं म्हणूनही. १९२४ मध्ये त्या गेल्या. जिला घरातल्या बायका 'वाचायला बसते' म्हणून टोचून बोलत, तिनं हे सगळं केलं. आई त्यांच्यावर जीव टाकायची ती याच्यासाठी, आणि मला ते पटतं.

तरीही माझ्या रमाबाई तिसऱ्या. आईच्या कपाटातल्या त्याच पुस्तकात त्या मला पहिल्यांदा भेटल्या.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय चोवीस. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून लोकांचा रोष पत्करला आणि रानात, गंगामुळाजवळ, बिऱ्हाड केलं. तिथं १८५८ मध्ये या जन्मल्या. आईनं त्यांना भागवत पाठ करून घेतलं. पुढं पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी हिंडलं आणि १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागोमाग गेली. उरल्या त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. भाऊही गेला. मग बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात न बघता, नोंदणी पद्धतीनं लग्न. एक मुलगी, मनोरमा. आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य.

अशी ही बाई कडेवर मूल घेऊन पुण्यात आली आणि बोलू लागली. आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे साक्ष दिली, बायकांना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात म्हणून सांगितलं. रमाबाई रानडे त्यांची व्याख्यानं ऐकायला जात, त्यावरून घरी बोलणी खात, आणि तरी जात. एक रमाबाई वाड्यातून चोरट्यासारखी निघते आणि दुसऱ्या रमाबाईंसमोर जाऊन बसते, हे वाचताना मी किती वेळ त्याच पानावर होते.

पुढच्याच वर्षी पंडिताबाई विलायतेला गेल्या आणि तिथं ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्रानं त्यांना जे दूर लोटलं ते तेव्हापासून. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिताबाई मुद्दाम गेल्या. अमेरिकेत हिंडून, व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे त्या याच. सदन तोवर पुण्यात आलं होतं. त्याच वर्षी तिथं मुलींना बाटवतात म्हणून गदारोळ झाला. 'केसरी' तुटून पडला, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. मला रानड्यांबद्दल आदर आहे. तरी हे वाचलं की त्यांच्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, रमाबाई काय म्हणाल्या असतील, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

पंडिताबाईंनी गाशा गुंडाळला नाही. केडगावला जमीन घेतलेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या, बाजारात उभ्या केलेल्या मुली गाड्या भरभरून केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात जवळजवळ दोन हजार बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, दुभती जनावरं, छापखाना, सगळं त्याच चालवत. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायची सोय मनोरमेनं केली. पंडिताबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि त्याचे छपाईचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही. धर्माबद्दल त्यांचं-माझं पटलं नसतं. पण टाकलेल्या बाईला घरात घ्यायचं, खाऊ घालायचं आणि कमावतं करायचं, एवढं एक जरी आयुष्यात जमलं तरी पुष्कळ, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं.

पुणे-सोलापूर रस्त्यानं गेलात तर आधी थेऊरचा फाटा लागतो, मग पुढे चौफुल्यावरून केडगाव. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या रमाबाई आणि विधवांना जगवणाऱ्या रमाबाई, दोघी एकाच वाटेवर, मध्ये सव्वाशे वर्षं. थेऊरला गाड्यांची रांग असते. केडगावला उतरून मुक्ती मिशन बघणारे माझ्या ओळखीत फार थोडे. तुम्ही यात्रेला निघाल तेव्हा तासभर जास्तीचा ठेवा, एवढं माझं सांगणं आहे.

चौथ्या रमाबाईंबद्दल, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाईंबद्दल, मला आईनंही सांगितलं नाही आणि वडिलांनीही नाही. शाळेच्या पुस्तकातही नाही. नोकरीला लागल्यावर एका शिक्षिका मैत्रिणीनं सात फेब्रुवारीला मला त्यांच्या वस्तीत नेलं, "तुझ्या नावाची जयंती आहे" म्हणून. त्या दिवशी पहाटेपासून गाणी चालू होती आणि सगळ्या गाण्यांत माझं नाव होतं.

दापोलीजवळचं वणंद हे त्यांचं गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहायचे. आईवडील लहानपणीच गेले आणि भावंडांना घेऊन नातेवाइकांबरोबर त्या मुंबईला आल्या. भीमराव आंबेडकरांशी लग्न भायखळ्याच्या मासळीबाजारात लागलं, बाजार उठल्यावर, रात्री. नवरा अमेरिकेला, मग लंडनला शिकत असताना घर त्यांनी ओढलं. शेण्या थापल्या, सरपण वेचलं. पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला. पंढरपूरला जायची त्यांची फार इच्छा होती. जो विठोबा आपल्या माणसांना दारात अडवतो त्याच्याकडे कशाला, आपण दुसरी पंढरी उभारू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. धारवाडच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, असं वस्तीतल्या बायका आजही सांगतात.

परळच्या बीआयटी चाळीत त्यांची जवळजवळ सगळी संसाराची वर्षं गेली. दादरला 'राजगृह' बांधून झालं, आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. स्वतःच्या घरात फार थोडे दिवस मिळाले. आज राज्य सरकारची घरकुल योजना त्यांच्या नावानं आहे. ग्रामपंचायतीत अर्ज भरायला बसलेल्या बाईच्या तोंडी 'रमाई घरकुल' असतं. घाटकोपरच्या वस्तीला त्यांचंच नाव. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर तिथं जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. रमाबाई नगर हे नाव त्या दिवसापासून मला नुसतं ऐकू येत नाही.

रानड्यांच्या आणि केडगावच्या रमाबाईंनी पुस्तकं लिहिली. रमाईंचं स्वतःचं लेखन आपल्यापुढे नाही. पाकिस्तानवरचं पुस्तक बाबासाहेबांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केलं, तिचं मन, तिचं शील आणि तिनं बरोबरीनं सोसलेलं सांगून. बाकी त्या आहेत त्या शाहिरांच्या आणि बायकांच्या गाण्यांत.

पुण्यात आईच्या मैत्रिणींना मी ही चौथी रमा सांगितली तर त्या म्हणायच्या, "हो का? माहीत नव्हतं." वस्तीतल्या मैत्रिणीच्या आईला सेवासदनाबद्दल सांगितलं तेव्हा त्याही तेच म्हणाल्या. एकाच शहरात, एकाच नावाला आपण असं वाटून घेतलंय, आणि मला ते आवडत नाही. त्यामुळे कुणी विचारलं की मी "केडगावच्या" म्हणते आणि उरलेल्या तिघींचंही सांगते, जितका वेळ असेल तितकं.

अलीकडे नव्या मुलींची नावं रमा ठेवू लागलेत. छोटं आहे, बोलायला गोड आहे, म्हणून. माझ्या भाचीनंही मुलीचं नाव रमा ठेवायचं ठरवलं आणि मला फोन करून विचारलं, "मावशी, कोणावरून सांगू हिला?" मी तिला चारही गावं लिहून पाठवली: थेऊर, देवराष्ट्रे, केडगाव, वणंद. पोर चालायला लागली की त्यांच्याबरोबर मीही जाणार आहे. वणंद माझंही अजून बघायचं राहिलंय.