कायमची पोटगी मागताना दहाव्या वर्षाचा हिशेब

घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, हातात पडला की पोटगीचं दार बंद झालं, असं समजून कितीतरी बायका गप्प बसतात. दार बंद झालेलं नसतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ प्रमाणे हुकूमनामा देताना किंवा त्यानंतर केव्हाही कायमची पोटगी मागता येते. हा हक्क नवऱ्यालाही आहे. पण ती मागावी लागते. कैफियतीच्या, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराच्या, शेवटी ‘योग्य ती पोटगी मिळावी’ एवढी एक ओळ घातली आणि कलम २५ चा वेगळा अर्ज, शपथपत्र, कागद काहीच दिलं नाही, तर निकालात पोटगीबद्दल चकार शब्द नसतो. आणखी एक गोष्ट. कलम २५ ला हुकूमनामा लागतो. नवऱ्याचा घटस्फोटाचा दावाच फेटाळला गेला, तर या कलमाखाली काही मिळत नाही, दुसरा रस्ता धरावा लागतो.

तो दुसरा रस्ता म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. त्यात ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्री धरली आहे. सासर कागलला असलं आणि बाई गडहिंग्लजला माहेरी राहत असली, तर गडहिंग्लजच्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज चालतो, ही मोठी सोय. मुस्लिम घटस्फोटितेलाही हा रस्ता मोकळा आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. नोंदणी लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम ३७ लागू होतं, पण तिथे फक्त पत्नीलाच मागता येतं. दोन ठिकाणी अर्ज केले तर दुसऱ्या कोर्टाला पहिल्याबद्दल सांगायलाच हवं. रक्कम एकमेकीत वळती होते, आणि लपवलं तर अर्जदाराच्या शब्दाची किंमत जाते.

आता खऱ्या कामाकडे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र सक्तीचं केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, असंही सांगितलं. म्हणून अर्ज सहा महिने लांबवला की सहा महिन्यांचे पैसे गेले. आणि हे शपथपत्र म्हणजे निम्मी केस. त्यात ‘नवरा भरपूर कमावतो’ असं लिहून भागत नाही.

पगारदार नवऱ्याचं सोपं असतं: पगारपत्रक, फॉर्म १६, प्राप्तिकराचं विवरणपत्र, ते दिलं नाही तर कंपनीकडून मागवून घेण्याचा अर्ज. इथे एक खेळी नेहमी दिसते. नोटीस मिळाल्यावर पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतून मोठं कर्ज उचलायचं, हप्ता पगारातून कापून घ्यायचा आणि हातात येणारी रक्कम पुढे करायची. सक्तीच्या कपाती वेगळ्या, म्हणजे प्राप्तिकर आणि भविष्य निर्वाह निधी. स्वतःहून घेतलेलं कर्ज, विम्याचे हप्ते, वाढवून घेतलेला फंड हे उत्पन्न कमी दाखवायला सहसा ग्राह्य धरत नाहीत. पण ते कोर्टाच्या नजरेला आणून द्यायला कर्जमंजुरीची तारीख लागते. म्हणून नोटिशीच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही महिन्यांची पगारपत्रकं मागायची.

शेतकरी नवऱ्याच्या बाबतीत ‘उत्पन्न काहीच नाही, जमीन वडिलांच्या नावावर’ हे ठरलेलं उत्तर. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याला उत्तर कागदांतूनच मिळतं. सातबारा आणि आठ अ तर काढायचेच, पण फेरफारही काढायचे. वाद सुरू झाल्यावर केलेलं हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र फेरफारात तारखेसकट सापडतं, आणि ती तारीखच बोलते. साखर कारखान्याचा सभासद क्रमांक, कोणत्या बँकेत ऊसबिल जमा होतं, त्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा. एकरी ४० टन ऊस आणि तोडणी-वाहतूक जाऊन टनाला ३,००० रुपये धरले, तर एकराला १ लाख २० हजार येतात. त्यातून लागण, खत, पाणीपट्टी वजा करा, आणि ऊस बारा ते अठरा महिन्यांचा आहे हेही धरा. असा प्रामाणिक हिशेब दिला की न्यायाधीशांचा विश्वास बसतो. फुगवलेला आकडा उलटतपासात पहिल्या पाच मिनिटांत पडतो. घरात म्हशी असतील तर गावातल्या दूध संस्थेची बिलं बघा. दहा दिवसांना एक बिल, म्हणजे महिन्याला तीन. हे पैसे बहुतेकदा कोणाच्या हिशेबात धरलेलेच नसतात.

यंत्रमाग, फाउंड्रीतलं जॉबवर्क, हुपरीचा चांदीचा धंदा अशा ठिकाणी पावतीचा व्यवहार कमी. तिथे जीएसटी नोंदणी, वीजबिलाचे युनिट, वाहनाची नोंदणी, बँकेकडे कर्जासाठी नवऱ्याने स्वतःच दाखवलेलं उत्पन्न. कर्ज घेताना माणूस उत्पन्न वाढवून सांगतो आणि पोटगीत कमी करून. ते दोन कागद शेजारी ठेवले की पुष्कळ काम होतं.

स्वतःबद्दल काही लपवू नका. शिवणकामातून महिन्याला ४,००० येत असतील तर तसं लिहा. थोडं कमावणं म्हणजे हक्क गमावणं नव्हे. कमावण्याची पात्रता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. लपवलेली नोकरी मात्र सगळा अर्ज बुडवते. खर्चाची बाजूही तितकीच नीट हवी: भाडेकरार, वीजबिल, औषधांच्या पावत्या. घटस्फोटानंतर कंपनीच्या मेडिक्लेममधून बायकोचं नाव निघतं, म्हणून स्वतःच्या आरोग्य विम्याचा हप्ता खर्चात धरायचाच.

किती मिळेल? सूत्र कायद्यात नाही. निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालातून आला आणि सगळीकडे फिरतो. पण तो त्या प्रकरणापुरता वाजवी ठरवलेला होता. लग्नाची वर्षं, राहणीमान, वय, तब्येत, घरासाठी सोडलेली नोकरी, दोघांचं उत्पन्न आणि वागणूक, हे सगळं बघतात.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती आकडा ठरल्यानंतरची. महिना १५,००० ठरले. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर दहा वर्षांनी तोच संसार चालवायला जवळजवळ २६,९०० लागतील. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका प्रकरणात महिना ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली. तीच वाढ १५,००० ला लावली तर दहा वर्षांनी १९,१४४ होतात. दरवर्षी ५ टक्के मागितली तर २४,४३३. वाढीचं कलम आदेशात नसेल तर प्रत्येक वेळी ‘परिस्थिती बदलली’ म्हणून नवा अर्ज, नव्या तारखा. म्हणून वाढ पहिल्याच अर्जात मागा आणि दरवर्षाची मागा.

एकरकमी घ्यावी का? २५ लाख मोठे वाटतात. ७ टक्क्यांच्या ठेवीत महिन्याला सुमारे १४,६०० व्याज येतं, आणि ते कधीच वाढत नाही. शिवाय व्याजावर कर आहे. मासिक पोटगी घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न धरली जाते, एकरकमी धरली जात नाही. तरीही नवरा धंद्यात बुडणारा, दारूत गेलेला किंवा परदेशी जाणारा असेल, तर मी एकरकमीच घ्या म्हणेन. घटस्फोटितेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, हेही त्या तराजूत टाका.

मासिक घ्यायची असेल तर कलम २५ मधली एक सोय बहुतेक अर्जांत राहूनच जाते. कोर्ट नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर पोटगीचा बोजा ठेवू शकतं. आदेशात गट नंबर, गाव, क्षेत्र किंवा सिटी सर्व्हे नंबर स्पष्ट हवा. मग आदेशाची नक्कल घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढल्याचा उतारा स्वतः डोळ्यांनी बघायचा. नोंद नसली आणि जमीन विकली गेली, तर घेणारा ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणतो आणि सुटू शकतो. उताऱ्यावर नोंद असली की त्याला तसं म्हणता येत नाही.

संमतीच्या घटस्फोटात घोळ मसुद्यातच होतो. ‘भूत, वर्तमान व भविष्यातील पोटगीचा हक्क सोडत आहे’ ही ओळ किती रकमेच्या बदल्यात लिहिली आहे, ते सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या. पैसे पुढच्या तारखेच्या चेकने नकोत. शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्ट हातात, मगच जबाब. मुलांची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. आई आणि मुलांचा मिळून एकच आकडा असला की मुलगा अठराचा होताच निम्मी पोटगी कापायला अर्ज येतो. आणि स्त्रीधन पोटगीत मिसळू देऊ नका. साज, ठुशी, पाटल्या हे तिचंच आहे. गुजरीतल्या सराफांच्या पावत्या, लग्नाचे फोटो आणि तोळ्यातलं वजन लिहून वेगळी यादी जोडा.

पैसे थांबले तर कलम १४४ खाली थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. इथेच फार जणींचे पैसे बुडतात, ‘देईल देईल’ म्हणत वर्ष उलटतं. प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. कलम २५ च्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, करायची. पोटगीच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. पुन्हा लग्न केलं तर कलम २५ ची पोटगी नवरा कोर्टात अर्ज करून रद्द करून घेऊ शकतो. स्वतःच्या मर्जीने बंद करू शकत नाही.

कुटुंब न्यायालय कायद्यात अपिलाला ३० दिवस लिहिले आहेत, पण हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालावर मुंबई उच्च न्यायालयाने ९० दिवस धरले आहेत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे मुंबईचा खर्च वाचला. वकिलाची फी परवडत नसेल तर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१००.

आणि पोटगीसाठी वेगळं बचत खातं उघडा, त्यात दुसरा एकही पैसा येऊ देऊ नका. रोख घेऊ नका, सासऱ्यांनी घरी आणून दिले तरी. थकबाकीचा तक्ता करताना त्या पासबुकात कोणत्या महिन्याची ओळ नाही, एवढंच कोर्टाला दाखवावं लागतं.