यूट ओळखायची तर मागून सुरुवात करा

मंडळी, जुन्या यूट, म्हणजे पुढे मोटारीसारखं केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या ऑस्ट्रेलियन गाड्या, फोटोंवरून ओळखायचं माझं काम मागच्या नोंदीनंतर बरंच पुढे गेलंय. व्हिक्टोरियात शेत विकलं किंवा आवरलं की क्लिअरिंग सेल होतो, म्हणजे अवजारांपासून भंगारापर्यंत सगळ्याचा लिलाव. तिथे शेडच्या मागे गवतात पडलेले यूटचे सांगाडे पाहायला मी मेलबर्नहून जातो. काढलेल्या फोटोंची मांडणी आता केबिनच्या पाठीवरून केली आहे. जाळी आणि हेडलाइट शेवटी बघायचे.

कारण सरळ आहे. बोनेट, जाळी, पुढचे मडगार्ड बोल्टवर असतात. कांगारू धडकला की भंगारवाल्याकडे जे तोंड मिळेल ते बसतं. टप, केबिनची पाठ आणि हौद्याच्या बाजू मात्र वेल्डिंगच्या, त्या सहसा कुणी बदलत नाही. १९३४ साली जिलाँगच्या फोर्ड कारखान्यात ल्यू बँट या आरेखकाने केबिन आणि हौद्याची बाजू एकसंध केली, तीच खरी यूटची खूण. पिकअपचा हौदा वेगळा बसवलेला असतो.

हॉल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या गाड्यांमध्ये हा नियम लगेच पटतो. पहिली हॉल्डन यूट जानेवारी १९५१ची, मॉडेल ५०-२१०६. पुढची एफजे/२१०६ बरीचशी त्याच अंगाची, फरक मुख्यतः तोंडाचा. त्यामुळे एफजेची जाळी लावलेली ५०-२१०६ सहज फसवते. अशा वेळी फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची, ओळखपाटी वाचायची. इंजिनाच्या रंगावर विसंबू नका. १९६३च्या ईएच मॉडेलपासून राखाडी मोटर जाऊन लाल आली, पण कित्येक शेतकऱ्यांनी जुन्या गाडीत नवी लाल मोटर घातली आहे.

फोर्डच्या फाल्कनमध्ये दरवाजा मोजा. एक्सए, एक्सबी, एक्ससी या १९७०च्या दशकातल्या यूटना दोन दारांच्या हार्डटॉपचे लांब दरवाजे आहेत, म्हणून दरवाजा शाबूत असला तरी पुष्कळ काम होतं. आणि निसानचं नाव पाहून पुढे जाऊ नका. १९८८पासून काही वर्षं विकलेली निसान यूट म्हणजे बिल्ला बदललेली एक्सएफ फाल्कन. आपल्यातले बरेच जण तिला गिनतीत धरत नाहीत. मी धरतो. सरकारच्या बटन योजनेमुळे कंपन्यांनी एकमेकांची मॉडेलं विकली, त्या काळाचा हा चाकांवरचा पुरावा आहे.

फाल्कनचीच चारही चाकांना ओढ असलेली एक्सवाय फोर बाय फोर १९७२ची, आणि फार थोड्या बनल्या. पुढच्या चाकांमध्ये सलग अॅक्सल आणि डिफचा (डिफरन्शिअलचा) गोळा दिसला तर थांबा, नीट बघा. मला अजून भेटलेली नाही.

या वेळची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे ऑस्टिन १८००. सिडनीच्या झेटलंडमधल्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कारखान्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही यूट बनू लागली, ती ऑस्ट्रेलियातच. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. म्हणून ओळखायची तर सरळ खाली वाकायचं: हौद्याखाली ना प्रोपेलर शाफ्ट, ना डिफ, ना स्प्रिंगचे पाटे. मागच्या चाकांपाशी हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शनचे द्रव भरलेले डबे असतात, पुढच्या डब्यांशी नळीने जोडलेले. द्रव गळून गेला की गाडी पोटावर बसते. मला दिसलेली अशीच बसलेली होती, हौद्यात कुंपणाच्या तारांची भेंडोळी, पुढचं सगळं गायब. दूरून तिला कुणीही सेडान कापून केलेली घरगुती गाडी समजलं असतं. केबिनच्या पाठीला कारखान्याचे सलग सांधे होते, तिथेच खात्री पटली. इतका आनंद मला चकचकीत, पूर्ण दुरुस्त केलेली गाडी पाहून होत नाही.

क्रायस्लरच्या फोटोंचा गठ्ठा अजून अर्धवट आहे. त्यांच्या वॅलियंट गाडीचीच स्वस्त यूट डॉज नावानेही विकली जायची, त्यामुळे बिल्ल्याच्या भोकांमधलं अंतर मोजून तक्ता करतोय.

पुढचं काम फोर्ड मेनलाइनचं. १९५०च्या दशकातल्या या यूटच्या चासीला मधोमध एक्स आकाराचा जोड असतो, अमेरिकन कन्व्हर्टिबलसारखा. एका शेतावर मातीत अर्धी रुतलेली एक आहे, मालकीणबाईंनी फावडं घेऊन यायची परवानगी दिली आहे. पाऊस थांबला की आधी चासी मोकळी करणार, मग पाटी शोधणार.