ड्रिल मिक्सटेप आणि पोलिसांचे कान

शनिवार, रात्री उशिरा

लंडनच्या डिग्गा डी या रॅपरची ‘नॉटी बाय नेचर’ ही मिक्सटेप, म्हणजे अल्बमसारखाच गाण्यांचा संग्रह, आज पुन्हा सलग ऐकली. एप्रिल २०२२ मध्ये ती बाहेर पडली आणि ब्रिटनच्या अल्बमयादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. बड्या रेकॉर्ड कंपनीचा आधार न घेता, सीजीएम या स्वतःच्या लेबलच्या नावाखाली काढलेल्या ड्रिल (रस्त्यावरच्या टोळ्यांच्या जगातून आलेला रॅपचा प्रकार) मिक्सटेपने एवढी मजल मारावी, ही गोष्ट लहान नाही. दीड वर्ष आधी ड्रिल रॅपर हेडी वनचा ‘एडना’ हा अल्बम त्याच जागी पोहोचला होता खरा, पण त्याच्या पाठीशी मोठी कंपनी उभी होती. डिग्गा डीची आधीची, २०२१ ची ‘मेड इन द पायरेक्स’ तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती. आकड्यांपुरते पाहिले तर कमान सरळ चढती आहे. मला मात्र आज दुसराच प्रश्न छळत राहिला. या टेपमध्ये जे म्हटलेले नाही, ते कोणाच्या मर्जीने गाळले गेले, हे कितीही कान देऊन ऐकले तरी ठरवता येत नाही.

त्याचे मूळ २०१८ च्या न्यायालयीन आदेशात आहे. पश्चिम लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागातल्या ‘टेन इलेव्हन’ या रॅप गटातील काही मुले २०१७ च्या नोव्हेंबरात कोयते आणि बेसबॉलच्या बॅटी घेऊन पकडली गेली. गाण्याच्या चित्रीकरणासाठी हे सामान बाळगले, असे त्यांचे म्हणणे होते. ते टिकले नाही आणि हिंसक दंग्याच्या कटाबद्दल त्यांना शिक्षा झाली. डिग्गा डी त्यांपैकी एक. इथवर यात नवल काही नाही, कारण कोयता हा कोयताच असतो. पण शिक्षेच्या जोडीला न्यायालयाने त्यांच्या गाण्यांवरही निर्बंध घातले. नवे गाणे किंवा व्हिडिओ प्रसिद्ध केला की २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचे, ध्वनिमुद्रण किंवा कार्यक्रम कुठे आणि केव्हा होणार याची ४८ तास आधी वर्दी द्यायची, आणि मृत्यू, दुखापत किंवा प्रतिस्पर्धी टोळ्यांच्या भागांचे पोस्टकोड यांचा उल्लेख ओळींमध्ये करायचा नाही, असे त्याचे साधारण स्वरूप होते. हे निर्बंध डिग्गा डीच्या रोजच्या कामात कसे आडवे येतात, हे बीबीसीच्या २०२० च्या माहितीपटात दिसते, आणि पहिल्या क्रमांकाची ही टेप आली तेव्हाही त्याच्यावर असा आदेश लागू होताच.

पोलिसांची बाजू मी अगदीच उडवून लावत नाही. २०१८ मध्ये लंडनमध्ये चाकूहल्ल्यांनी खरोखरच कहर केला होता, मरणारी बरीच मुले विशीच्या आतली होती, आणि काही ड्रिल गाण्यांमध्ये मेलेल्या मुलांची नावे घेऊन त्यांची टवाळी केलेली असे. तत्कालीन पोलिस आयुक्त क्रेसिडा डिक यांनी यूट्यूबकडे असे व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी केली आणि त्यांतले तीसेक काढलेही गेले. पण पुढे २०१९ च्या जानेवारीत स्केंगडो आणि एएम या ड्रिल रॅपर जोडीला नऊ महिन्यांची कैद सुनावली गेली (ती स्थगित ठेवली, एवढेच), आणि तीही मनाईहुकूम मोडून एक गाणे रंगमंचावर सादर केल्याबद्दल, तेव्हा रेषा कुठल्या कुठे सरकली हे मान्य करायला हवे. गंमत अशी की दोनच वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात, टिऑन वेन आणि रस मिलियन्स यांचे ‘बॉडी’ हे ड्रिल गाणे ब्रिटनच्या गीतयादीत अव्वल ठरले. म्हणजे संगीत तेच. एका दारातून ते न्यायालयात जाते आणि दुसऱ्यातून घराघरांत.

लंडनच्या ड्रिलमध्ये एक युक्ती रूढ आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. एखाद्या नावाच्या किंवा जागेच्या ठिकाणी रॅपरचा आवाज नेमका कापलेला असतो. मिनिटाला १४० च्या आसपास ठोक्यांची लय पुढे चालूच राहते, बास आपल्या सवयीप्रमाणे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो, हायहॅटचे (ड्रममधल्या झांजांचे) तुटक ठोके अडखळल्यासारखे पडत राहतात, आणि आधीच्या ओळीतल्या यमकावरून ऐकणारा ती रिकामी जागा मनातल्या मनात भरून टाकतो. पुराव्यासाठी शब्दच शिल्लक राहत नाही, पण अर्थ पोहोचतो. शिकागोमधून हा प्रकार २०१० नंतर लंडनला आला तेव्हा त्याची चाल मंद आणि जड होती. लंडनने तिला वेग दिला, बासला घसरण दिली, आणि एटओएट मेलोसारख्या बीटकारांमार्फत २०१९ मध्ये तीच चाल न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पॉप स्मोक या रॅपरपर्यंत परत पाठवली. यातले किती परीक्षणांत येते? ड्रिलवर लिहिणारे बहुतेक जण गाण्याकडे जबानी म्हणूनच पाहतात. कोणी त्याला रस्त्याचे सत्य म्हणतो, कोणी चिथावणी म्हणतो, आणि बीट मात्र दोघांच्याही हातून निसटते. ओळ न् ओळ कान देऊन ऐकणारे दोनच उरतात, चाहते आणि पोलिस.

‘नॉटी बाय नेचर’मध्ये डिग्गा डी ड्रिलपासून बराच दूर सरकतो. २००० नंतरच्या दशकातील अमेरिकन रॅपची त्याला वाटणारी ओढ शीर्षकातल्या ‘Noughty’ या स्पेलिंगपासूनच कळते (‘नॉटीज’ म्हणजे इंग्रजीत तेच दशक), आणि मनीबॅग यो, बी-लव्ही असे अमेरिकन रॅपर पाहुणे म्हणून येतात. त्याचा निवांत, किंचित खोडकर आवाज या मोकळ्या बीट्सवर छान बसतो आणि त्याची विनोदबुद्धीही शाबूत आहे. तरी काही गाणी मला गुळगुळीत वाटली, विशेषतः जिथे पैसा, मुली आणि प्रसिद्धी यांच्याखेरीज सांगण्यासारखे काही उरलेले नाही. ‘मेड इन द पायरेक्स’मधला खरखरीतपणा इथे कमी आहे.

अशा वळणावर कलाकार परिपक्व झाला, असे म्हणण्याची एक रीत पडून गेली आहे. कदाचित तो झालाही असेल; विशी ओलांडलेल्या मुलाला किशोरवयातली भांडणे शिळी वाटू लागतात आणि त्यासाठी पोलिसांची गरज नसते. पण ज्याला ठरावीक विषयांवर लिहिलेली ओळ तुरुंगात नेऊ शकते, त्याने ते विषय सोडले म्हणून त्याला प्रगल्भतेचे गुण देणे मला जमत नाही, आणि तेच विषय टाळले म्हणून त्याच्यावर बाजारू झाल्याचा ठपका ठेवणेही जमत नाही. आवाज कापलेला असतो तिथे काहीतरी गाळले आहे, एवढे तरी कानाला कळते. लिहिण्याआधीच गाळलेली ओळ कोणाच्याच कानावर पडत नाही, आणि म्हणूनच या टेपच्या गुळगुळीत गाण्यांबद्दलचे माझे मत मी तूर्त अर्धवटच ठेवतो आहे.