पहिले डझन

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराच्या काठी राहिले की हिवाळी बदकांची आणि पहाटेच्या बंदुकीच्या बारांची सवय होते. पण आपलाच मुलगा शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करून, मोजके पैसे खिशात घालून, डिकॉयच्या, म्हणजे खरी बदके भुलून उतरावीत म्हणून पाण्यावर सोडायच्या नकली बदकांच्या, फळीसमोर उभा राहिला की बापाला मत द्यावेच लागते. मॅलार्ड जातीच्या प्लॅस्टिक नरांची हिरवी डोकी झळकत होती आणि त्याची नजर पिसांच्या रंगकामावरून हलत नव्हती. मी मात्र एक बदक उचलून आधी उलटे केले.

ही खोड वडिलांची. पोळ्याच्या बाजारात मातीचे बैल घेताना ते रंगाकडे पाहतच नसत. बैल फळीवर ठेवायचा, मागून बोटाने हलकेच ढकलायचा आणि चारही पाय टेकतात की एक अधांतरी राहून डुगडुगतो, ते पाहायचे. मला निळ्या शिंगांचा हवा असे. घरी येई तो नीट उभा राहणारा, बहुधा भुरकट आणि शेपटीपाशी रंग ओघळलेला. कुंभारही शेवटी त्यांना पाहताच रंगवायचे राहिलेले बैल पुढे सरकवू लागला होता.

डिकॉयच्या पोटाखाली कील, म्हणजे ते उलटू नये म्हणून लांबट कणा, असते. पोकळ कीलमध्ये पाणी शिरते आणि बदक स्थिर राहते. असे बदक हलके, बहुधा स्वस्तही, पण ते हाताने नीट पाण्यावर ठेवावे लागते. वजन भरलेल्या कीलचे बदक कसेही फेकले तरी सरळ होते. मात्र असे डझन पाठीवर घेऊन चिखल तुडवताना त्याची खरी किंमत कळते. पायी जाणाऱ्याने पोकळ घ्यावे, एवढे साधे आहे. दोरी आणि शिशाची वजने वेगळी घ्यावी लागतात, सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या शिकाऱ्याला 25 डॉलरचा डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठीचा सरकारी मुद्रांक, लागतो, आणि नवखा नेमके हेच खर्च विसरतो.

माझा हट्ट माद्यांचा. हंगामाच्या आरंभी पुष्कळ नरही तपकिरीच असतात. त्या दिवसांत हिरव्या डोक्यांचा थवा पाण्यावर मांडणे म्हणजे बदकांसाठी नव्हे, दुकानदारासाठी केलेली आरास. नेव्हाडातल्या लव्हलॉक गुहेत 1924 साली सापडलेली, लव्हाळ्यासारख्या गवताची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची डिकॉय करणाऱ्यांनी पैसा खर्चला नव्हता. उलट डिकॉय कोरणारे अमेरिकन कारागीर एल्मर क्रोवेल यांनी कोरलेले एक लाकडी बदक 2007 साली दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ते आता कोणी पाण्यात टाकणार नाही.

मुलाला पंख फिरवणारे, बॅटरीवरचे बदकही हवे होते. वारा पडला की निश्चल डिकॉयवर खरी बदके विश्वास ठेवत नाहीत, हे त्याचे म्हणणे खरे; पण दोन-तीन बदकांना दोरी बांधून आडोशातून ओढत राहिले तरी पाण्यावर तरंग उठतात, आणि दोरीला बॅटरी लागत नाही. तो नाइलाजाने मान्य झाला. सहा माद्या, सहा नर, पोकळ कील. मांडताना मध्ये उतरायला जागा ठेवावी, बदके वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, हे सारे त्याला पाठ आहे. उतरलेल्या बदकाची पिसे आमच्या स्वयंपाकघरात कोण काढणार, हा विषय मात्र अद्याप कोणी काढलेला नाही, आणि मीही काढणार नाही.