चार गोळ्यांचा तुकडा

गुरुजींनी काउंटरवर कापलेल्या पट्टीचा तुकडा ठेवला. चार गोळ्या शिल्लक.

"पोरी, यावेळी गावाला गेलो तिथल्या मेडिकलातनं घेतली. बीपीचीच आहे, पण कुठल्यातरी भलत्या कंपनीची दिसतेय. पंधरा दिवस पाय सुजतायत. ही बनवली कुणी ते सांग आधी."

पट्टीवर दोन नावं असू शकतात. विकणाऱ्या कंपनीचं ठसठशीत, आणि बनवणाऱ्याचं मुंगीच्या अक्षरात. मार्च 2021 पासून दर्जाची जबाबदारी विकणाऱ्यावरही आली, पण गोळी कुठल्या कारखान्यातली हे कळतं ते उत्पादन परवान्याच्या नंबरावरून. आम्ही त्याला एम. एल. नंबर म्हणतो. इथे कात्रीनं औषधाचं नावच नेलं होतं. उरला होता पत्ता, बद्दी, जिल्हा सोलन. खाली परवाना आणि बॅच. बॅच तरी राहिली, हेही नशीब. ती बाजू शेवटी कापायची असते, पण गर्दीत कोण बघतं!

मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. गुरुजी हिशेबी माणूस. जुनी रिकामी पट्टी पिशवीत होतीच. शेजारी ठेवली. पत्ता तोच, परवाना नंबर आकड्याला आकडा तोच.

"गुरुजी, कारखाना तोच आहे."

"मग पाय का सुजले?"

गुरुजींची बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन. ती दमट हवा सोसत नाही, म्हणून जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत येते. आतलं काही दिसत नाही. एक गोळी फोडून तळहातावर घेतली. त्यांची नेहमीची पांढरीशुभ्र असते. ही दोन थरांची, अर्धी पांढरी, अर्धी पिवळसर. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ते कुठलं दिसायला!

साताऱ्याच्या स्टॉकिस्टला फोन लावून बॅच नंबर वाचला. "मॅडम, ती एएम आहे." म्हणजे टेल्मिसार्टन 40 सोबत ॲम्लोडिपिन 5, बीपीचंच दुसरं औषध. ॲम्लोडिपिननं घोट्याला सूज येते, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही माहीत. चिठ्ठीवर साधी 40 होती. नावापुढची दोन अक्षरं काउंटरच्या पलीकडे कुणी पाहिलीच नव्हती.

डॉक्टरांना तिथूनच फोन केला. त्यांनी साधी गोळी सुरू करायला सांगितलं आणि संध्याकाळी बीपी बघायला बोलावलं. मी सवयीनं विचारलं, "किती देऊ?"

"दहाच्या दहा दे," गुरुजी म्हणाले, "आणि ती कात्री आधी आत ठेव."